भाकीत वर्षभरानंतरचं

ल्युपस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार, झालेल्या मुलीच्या लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किडनी वाचेल ना? उत्तर बायोप्सीच्या अहवालात शोधलं जातं आणि ‘वर्ग चार’, म्हणजे किडनीच्या दाहाचा गंभीर प्रकार, असं वाचलं की घर खचतं. माझं म्हणणं असं की, भाकीत करायला त्यापेक्षा मोठा आधार वर्षभरानंतर मिळतो, आणि तोही लघवीच्या साध्या तपासणीतून.

बायोप्सी हवीच. किडनीत दाह किती आहे आणि व्रण किती पडलेत, हे तीच सांगते. दाह औषधांनी शमतो, व्रण झालेला भाग परत मिळत नाही. उपचारांची दिशा त्यावरूनच ठरते. पण त्या उपचारांना शरीर कशी साथ देईल, हे पहिल्याच दिवशी कळत नाही.

युरोपातल्या ‘युरो-ल्युपस’ अभ्यासात सायक्लोफॉस्फमाइड या औषधाचा कमी डोस पुरतो का, हे 90 रुग्णांवर तपासलं गेलं. निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाले आणि या रुग्णांचा पाठपुरावा पुढं वर्षानुवर्षं चालू राहिला. त्यातून दिसलं की, बाराव्या महिन्यात लघवीतून जाणारी प्रथिनं दिवसाला साधारण 0.8 ग्रॅमच्या खाली आली असतील, तर किडनी दीर्घकाळ चांगली राहण्याची शक्यता खूप जास्त असते.

उलट बाजू मात्र तितकी पक्की नाही. वर्षभरात ज्यांची प्रथिनं एवढी उतरली नाहीत, त्यांच्यातल्याही अनेकांची किडनी पुढं टिकली. सुरुवातीला प्रथिनं फार जात असतील, तर आणखी काही महिने द्यावे लागतात. म्हणून या आकड्यानं धीर द्यावा, निकाल सुनावू नये. तो खाली येत नसेल तर गोळ्या नियमित घेतल्या जातात का, रक्तदाब आटोक्यात आहे का, औषध बदलायचं का, पुन्हा बायोप्सी हवी का, हे विचारायची ती वेळ असते.

आणि वर्षभर नुसती वाट पाहायची नाही. युरोपीय तज्ज्ञांच्या शिफारशींत वाटेवरचे टप्पे दिलेत : तीन महिन्यांत प्रथिनं किमान 25 टक्क्यांनी कमी, सहा महिन्यांत निम्मी. एका वेळच्या लघवीतल्या प्रथिनं-क्रिएटिनिन गुणोत्तरावरून हे पाहता येतं.

ल्युपस बहुतांशी तरुण बायकांना होतो. सूज उतरली, बरं वाटू लागलं की गोळ्या सुटतात, तपासणी राहून जाते. लघवीतून प्रथिनं जात असली तरी दुखत काहीच नाही. त्यांना दोष देऊन हे सुटणार नाही. रुग्णालयातून घरी जाताना प्रत्येकीच्या कागदावर तीन, सहा आणि बारा महिन्यांच्या तीन तारखा आणि त्यांच्यापुढं तीन आकडे लिहून द्या, घरच्यांना समजावून सांगा, आणि तारीख चुकली तर फोन करा. एवढं आपल्या प्रत्येक किडनी विभागाला आजपासून करता येईल.