बांबू फुलतो, उंदीर माजतात

अंगणात फूल उमलले की घर प्रसन्न होते. मिझोरामच्या डोंगरांत मात्र एका फुलोऱ्याची वार्ता आली, की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या काळजात धस्स होते. तो फुलोरा असतो बांबूचा. त्यामागून येणाऱ्या संकटाला मिझो भाषेत 'मौताम' म्हणतात. मौताम म्हणजे बांबूचा दुष्काळ!

या डोंगरांवर पसरलेला मेलोकॅना जातीचा बांबू सुमारे ४८ वर्षांतून एकदाच फुलतो. सारी बने जवळपास एकाच वेळी बहरतात, फळतात आणि मरून जातात. याचे फळ गव्हाच्या दाण्याएवढे नसते. चांगले पेरूएवढे, गरदार असते. डोंगरउतारांवर अशा फळांचा खच पडतो. खाणाऱ्यांनी कितीही खाल्ले तरी रुजायला काही फळे उरावीत, हाच या एकगठ्ठा बहराचा हेतू असावा, असे शास्त्रज्ञ मानतात.

या पंगतीला सर्वांत आधी बसतात ते रानातले उंदीर. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते आणि ती पिले तीनेक महिन्यांत स्वतः आईबाप होतात. मग एरवी जग उंदरांनी भरून का जात नाही? कारण अन्न बेताचे असते. बरीच पिले लहानपणीच मरतात आणि टंचाईच्या दिवसांत वीणही थंडावते. बांबूची फळे पडू लागली, की हे दोन्ही लगाम सुटतात. बांबूच्या फळाने उंदरांना जास्त पिले होतात, अशी एक जुनी समजूत आहे. पण तसा काही खास गुण असण्याची गरजच नाही. पोट भरलेले असले की पिले जगतात आणि विणीचा हंगाम लांबतो, एवढेच पुरेसे आहे. घुबडे आणि साप उंदीर खातात खरे. पण त्यांची वाढ इतकी झपाट्याने होत नाही.

खरा घात पुढेच होतो. पाऊस पडला की उरलेली फळे रुजतात आणि रानातले अन्न संपते. नेमकी तेव्हाच उंदरांची संख्या शिगेला पोहोचलेली असते. झूम शेतीतले भात दाण्यावर आलेले असते. भुकेल्या झुंडी शेतात शिरतात आणि काल डोलणारे पीक सकाळी आडवे झालेले दिसते. पुढे खायला काही उरले नाही, की उंदीरही उपासमारीने मरतात. पण तोवर माणसांची कणगी रिकामी झालेली असते.

मिझो वडीलधाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ होता. १९११ च्या सुमारास आलेला मौताम त्यांनी पाहिला होता. मिझो भाग तेव्हा आसामात होता. १९५८ साली तिथल्या जिल्हा परिषदेने संकट येत असल्याचे सांगून आसाम सरकारकडे मदत मागितली; पण ती आदिवासींची अंधश्रद्धा ठरली. १९५९ मध्ये दुष्काळ आलाच. त्यातून मदतकार्यासाठी लालडेंगा यांच्या पुढाकाराने 'मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट' उभी राहिली. १९६१ मध्ये तिच्या नावातला 'फॅमिन' गळला आणि १९६६ मध्ये सशस्त्र उठाव झाला. शांतता करार व्हायला १९८६ साल उजाडले. उंदरांनी बंड घडवले असे नव्हे. पण भुकेल्यांचे न ऐकल्याची किंमत किती मोठी असते, हे त्यातून दिसले.

पुढच्या खेपेला सरकार आधीच जागे झाले. २००७ च्या सुमारास येणाऱ्या फुलोऱ्यासाठी काही वर्षे आधी योजना आखली गेली. उंदीर फारसे तोंड लावत नाहीत अशी आले-हळदीसारखी पिके घेण्यास शेतकऱ्यांना सांगितले गेले. मेलेल्या उंदराच्या शेपटीमागे बक्षीसही ठेवले गेले. लाखो शेपट्या जमा झाल्या, तरी अनेक गावांचे भात हातचे गेलेच. मात्र रस्ते होते, रेशनचा तांदूळ होता; १९५९ ची पुनरावृत्ती टळली.

उंदीर किती होणार, हे मारणाऱ्याच्या हातापेक्षा त्यांना मिळणाऱ्या अन्नावर ठरते. घरातही तेच आहे. पिंजऱ्यात रोज एक उंदीर सापडतो आणि धान्याचा डबा उघडाच राहतो, तोवर पाहुणे येतच राहणार! मिझोरामचा पुढचा मौताम २०५५ च्या आसपास अपेक्षित आहे. आज शाळेत जाणारी मुले तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. आजी-आजोबांची आठवण त्यांनी नीट जपली, तर तयारीला वेळ भरपूर आहे.