सामाईक वहीत लिहावे किती?

युरोपात कापड पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांना येत्या काही वर्षांत मालासोबत डिजिटल पासपोर्ट द्यावा लागणार आहे. त्यासाठीचा युरोपीय संघाचा कायदा १८ जुलै २०२४ रोजी अमलात आला. एप्रिल २०२५ च्या कार्ययोजनेत तयार कपड्यांना अग्रक्रम मिळाला. या पासपोर्टात व्यापाऱ्याचा आणि कारखान्याचा ओळखक्रमांकही मागता येतो. त्यासाठी ब्लॉकचेनच वापरा, असे हा कायदा म्हणत नाही. पण त्याचे नाव पुढे करून ब्लॉकचेनवरील ओळख विकणारे भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत आल्याशिवाय राहणार नाहीत. ठाण उलगडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. येथेही तसेच करावे.

जीएसटी क्रमांक सरकार देते आणि सरकार तो रद्दही करू शकते. डिसेंट्रलाइज्ड आयडेंटिफायर, थोडक्यात डीआयडी, हा क्रमांक मात्र धारक स्वतः तयार करतो. त्याच्याजवळ एक गुप्त किल्ली असते, तिने तो सही करतो. तिच्या जोडीची जाहीर किल्ली पाहून समोरचा ती सही तपासतो. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जुलै २०२२ मध्ये याचे मानक मंजूर केले, पण जाहीर किल्ली कोठे नोंदवावी हे खुले ठेवले. ब्लॉकचेन ही त्यासाठीची एक जागा आहे. ती अनेकांच्या संगणकांवर ठेवलेली एकच वही असून तिचे पान कोणालाही गुपचूप फाडता येत नाही.

हाच तिचा गुण आणि हाच धोका. कारागिराचे नाव, पत्ता, मोबाइल तेथे एकदा लिहिला की तो पुसता येत नाही. आपली माहिती पुसून घेण्याचा हक्क युरोपात २०१८ पासून लागू आहे. भारताच्या २०२३ च्या कायद्यानेही तो मान्य केला आहे.

खर्चाचा हिशेबही पाहावा. बिटकॉइनच्या वहीत सुमारे दहा मिनिटांनी एक पान भरते. २०२१ मध्ये तिच्यावर सुरू झालेल्या आयन या व्यवस्थेत दहा हजारांपर्यंत नोंदी एका व्यवहारात बांधता येतात. वहीत फक्त ठसा उमटतो, बाकी मजकूर वेगळ्या फायलींत राहतो. खर्च वाटला जातो, पण त्या फायली कोणी जपल्या नाहीत तर नुसता ठसा काय कामाचा? इथेरियमवरील एका पद्धतीत क्रमांक फुकट तयार होतो, मात्र किल्ली बदलताना फी पडते, आणि ती गर्दीप्रमाणे वरखाली होते. निवडक संस्थांची बंदिस्त वही स्वस्त पडते, पण त्या संस्थांनी हात आखडला की वहीही बंद. ब्लॉकचेन टाळून स्वतःच्या वेबसाइटवर किल्ली ठेवता येते. तेथे वार्षिक फी चुकली तर नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते.

आमचे मत स्पष्ट आहे. सामाईक वहीत कमीत कमी लिहावे. जाहीर किल्ली आणि तिचा बदल, एवढेच पुरे. नाव, दर, ऑर्डर घरच्या वहीत ठेवावे. आधार क्रमांकाचा नुसता ठसाही तेथे देऊ नये. क्रमांक बाराच आकड्यांचा असल्याने सगळे क्रमांक ओळीने लावून पाहून संगणक मूळ क्रमांक शोधून काढू शकतो. सर्व गिऱ्हाइकांशी एकच डीआयडी वापरला तर कोणाचा व्यवहार कोणाशी, हे जोडून पाहणेही सोपे होते.

सही करण्यापूर्वी विक्रेत्याला तीन गोष्टी विचाराव्यात. किल्ली हरवली तर दुसरी कशी मिळेल? बदलाची फी कोण भरणार? तुमची कंपनी बंद पडली तर आमची ओळख दुसरीकडे नेता येईल काय? पहिला प्रश्न सर्वांत मोठा. बँकेत चेकबुक हरवले तर मॅनेजरकडे जाता येते. येथे दाद मागायला कोणाचे दार नाही. एका मागावर घर चालविणाऱ्या कारागिराची बाजारातील साख अशा किल्लीवर टांगून ठेवायची असेल, तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. ती मिळत नसतील तर सौदा करू नये.