नाही म्हणायची सोय

गणपतीच्या कार्यक्रमाची नोंदणी सुरू झाली आणि नाशिकहून बाबांचा फोन आला. ते आणि आई तेव्हा जर्मनीत आमच्याकडे असणार, म्हणून त्यांना मंडळाच्या वेबसाइटची लिंक पाठवली होती. "अरे, ते काहीतरी कुकी विचारतंय. हो म्हणू का?" मी सवयीने म्हटलं, "म्हणा हो, काही होत नाही."

फोन ठेवला आणि अस्वस्थ झालो. कारण ती पट्टी मीच लावली होती. 'सगळं मान्य' हे ठसठशीत हिरवं बटण, आणि नकार द्यायचा तर सेटिंगमध्ये शिरून एकेक खटका बंद करा! त्या रात्री ब्राउझरच्या खासगी खिडकीत साइट उघडून आत डोकावलो, तर त्याहून वाईट. कुठलंही बटण दाबण्याआधीच गुगल अ‍ॅनालिटिक्सची कुकी येऊन बसलेली, मुक्काम दोन वर्षांचा. म्हणजे 'आत येऊ का?' असं विचारायचं ते माजघरात बसून.

सगळ्याच कुकी वाईट नसतात. लॉगिन लक्षात ठेवणारी किंवा तिकिटांची टोपली सांभाळणारी कुकी साइट चालायला लागतेच, तिला परवानगी लागत नाही. आपण काय वाचलं, किती वेळ थांबलो, कुठून आलो हे टिपणारीला मात्र लागते. युरोपीय न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी, तेही एका जर्मन कंपनीच्याच प्रकरणात, सांगितलं की आधीच टिक केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. नकार देणं होकाराइतकं सोपं ठेवलं नाही म्हणून फ्रान्सच्या नियामकाने गुगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड ठोठावला. जानेवारी २०२२ मध्ये तो जाहीर झाला. आपण कुठे एवढे मोठे, असं वाटतं खरं. पण त्याच महिन्यात म्युनिकच्या न्यायालयाने एका साध्या वेबसाइटला १०० युरो भरपाई द्यायला लावली. का, तर गुगलचे फॉन्ट थेट गुगलकडून मागवताना वाचकाचा आयपी पत्ता तिकडे गेला. त्यानंतर छोट्या साइटवाल्यांना पैसे मागणाऱ्या पत्रांची रीघ लागली होती.

मला खुपलं ते दंडापेक्षा वेगळंच. मंडळाच्या साइटवर कोण येतं? मुलांच्या मराठी शाळेचं वेळापत्रक पाहणारी आई, सत्यनारायणासाठी गुरुजी शोधणारं नवं जोडपं, वधूवर पान गुपचूप चाळणारा कुणीतरी. परक्या देशात आपलं मूळ, धर्म, घरची स्थिती एवढ्यावरून सहज कळते. ती माहिती आपण आपल्याच माणसांकडून न विचारता घ्यायची?

मग दोन सारखी बटणं केली, आणि होकार मिळाल्याशिवाय मोजणीची स्क्रिप्ट सुरूच होणार नाही असं केलं. काम दोन संध्याकाळचं. आकडे मात्र निम्म्यावर आले आणि समितीच्या बैठकीत खजिनदार काका वैतागले. "अरे, प्रायोजकाला काय दाखवायचं आता?" त्यांचं अगदीच चूक नाही, हॉलचं भाडं त्या पैशांतूनच जातं. पण माणसं घटली नव्हती, मोजलेली माणसं घटली होती. विकलेली तिकिटं दाखवू, असं ठरलं. काका अजून थोडे नाराज आहेत.

भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही संमती मोकळी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली हवी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं लिहिलंय. तिकडची मंडळं, पतपेढ्या, शाळा यांच्या साइट सांभाळणाऱ्या मित्रांनी एकदा खासगी खिडकी उघडून पाहावी. पाच मिनिटं लागतात.

बाबांना परत फोन केला. म्हटलं, आता दुसरं बटणही आहे, हवं तर 'नाही' म्हणा. पलीकडे जरा शांतता. मग म्हणाले, "नाही म्हटलं तर तिकीट मिळेल ना रे?"

त्या रात्री पट्टीवर एक ओळ वाढवली: 'नाही म्हटलं तरी नोंदणी होते.'