‘वीस वर्षे खातोय, काही झाले का?’

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कोणत्याही कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून तंबाखूचा विषय काढावा. हे वाक्य हमखास ऐकायला मिळते. माझे वडीलही तेच म्हणतात. ते पॉवर प्रेसवर काम करतात आणि रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गालात तंबाखूचा बार धरतात. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे मी काही बोललो की उत्तर ठरलेले: “कॅन्सर काय, ज्याच्या नशिबी असतो त्याला होतो.” मी कला शाखेचा विद्यार्थी, तरीही या विषयावर जे मिळाले ते वाचले. आता माझे ठाम मत झाले आहे की, ‘काही झाले नाही’ हेच शब्द सर्वांत फसवे आहेत.

आपल्या शरीरातील पेशी विभागतात, जुन्या मरतात, नव्या तयार होतात. ही वाढ कुठे थांबवायची, हे ठरवणारी काही जनुके प्रत्येक पेशीत असतात. त्यांना अर्बुदरोधक जनुके म्हणतात. अर्बुद म्हणजे गाठ. अशा जनुकाच्या बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी लहान मुलांच्या डोळ्यांतील एका कर्करोगाचा अभ्यास करून 1971 साली असा निष्कर्ष मांडला की, एक प्रत बिघडली तरी दुसरी काम निभावते. दोन्ही बिघडल्या की पेशी मोकाट सुटते. ज्या मुलांत एक प्रत जन्मतःच बिघडलेली असते, त्यांना हा रोग लवकर आणि पुष्कळदा दोन्ही डोळ्यांना होतो. ते जनुक 1986 साली हाती लागले.

या गटातले सर्वांत प्रसिद्ध जनुक म्हणजे ‘पी-53’. त्याचे प्रथिन 1979 साली सापडले, पण दहा वर्षे शास्त्रज्ञ त्यालाच कर्करोग घडवणारे समजत होते! ते खरे तर रक्षक आहे, हे 1989 साली कळले. पेशीतील डीएनएला इजा झाली की ते विभागणी थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती होत नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हेच जनुक बिघडलेले आढळते.

आपल्या भागातील वाचकाला हे प्रेसच्या उदाहरणाने चटकन समजेल. प्रेसला पुढे जाळी असते, आणि दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणे असतात. जॉब भराभर निघावेत म्हणून कोणी जाळी काढून ठेवतो. अपघात होत नाही, कारण बटणे हात राखतात. मग कोणी एक बटण पट्टीने बांधून टाकतो, आणि एके दिवशी बोटे जातात. माझ्या मामांची दोन बोटे एका लहान कारखान्यात अशीच गेली. त्याला नशीब म्हणायचे काय? जाळी निघाली त्या दिवशीही ‘काही झाले नव्हते’!

तंबाखूतील विषारी द्रव्ये वर्षानुवर्षे गालातल्या पेशींच्या डीएनएवर घाव घालतात. एकाच जनुकाने कर्करोग होत नाही; अनेक बिघाड साचावे लागतात. म्हणूनच त्याला वर्षे लागतात, आणि म्हणूनच एखादे आजोबा ऐंशीपर्यंत तंबाखू खाऊन सुखरूप राहतात. पण एक हात वाचला म्हणून जाळीविना प्रेस चालवावा, असे कोणी म्हणेल का? तंबाखू चघळण्याचा आणि तोंडाच्या कर्करोगाचा संबंध मुंबईच्या सांघवी, राव आणि खानोलकर या संशोधकांनी 1955 सालीच आकडेवारीनिशी मांडला होता. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली; मळून खायची तंबाखू मात्र टपरीवर आहेच.

यावर आपण सुशिक्षितांनी नुसता उपदेश करणे मला पटत नाही. रात्रपाळी, ओव्हरटाइम आणि पोटातली भूक ज्याने पाहिली नाही, त्याचे व्याख्यान कामगार का ऐकेल? जे कारखाने ‘सुरक्षा प्रथम’ असा फलक लावतात, त्यांनी जाळीबरोबर कामगारांची तोंडेही तपासावीत. गालातला पांढरा किंवा लाल चट्टा पुष्कळदा दुखत नाही, पण उजेडात दिसतो. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून हा प्रयोग झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या पदवीधरांनी घरोघरी जाऊन तोंडे तपासली आणि संशयितांना डॉक्टरांकडे पाठवले. तंबाखू किंवा दारूचे व्यसन असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे 2005 साली जाहीर झाले.

मित्रहो, हे काम करणारे डॉक्टर नव्हते, आपल्यासारखेच पदवीधर होते! आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडण्याबरोबर हेही का होऊ नये? दंतवैद्यांकडून शिकून घ्यावे आणि पाळी सुटताना बॅटरी घेऊन फाटकाशी उभे राहावे. नशिबाला बोल लावणाऱ्यांना शब्दांनी पटवणे कठीण आहे. “काका, जरा तोंड उघडा” एवढे म्हणणे मात्र आपल्या हातात आहे.