लग्नाची बोलणी आणि मुंबईचे दोन दिवस

सांगोला तालुक्यातील एका जुन्या सहकाऱ्याने माझ्यावर कामगिरी सोपविली होती. मुंबईत नोकरीस असलेला त्यांचा मुलगा तीन वर्षे प्रत्येक स्थळ नाकारीत होता. आता एक स्थळ जवळजवळ ठरले असून आपण जाऊन त्याला समजवावे. शनिवारी पहाटे मी मुंबईत उतरलो. चहा घेता घेता मुलाने सांगितले की, आपल्याला स्त्रीविषयी आकर्षण नाही, कधी नव्हते. (हे सारे त्याच्या संमतीने, ओळख झाकून लिहीत आहे.) मग म्हणाला, "काका, दोन दिवस आहात, तर आमची मुंबई पाहून जा."

सॅन फ्रान्सिस्कोतील कॅस्ट्रोसारखी समलिंगी लोकांची वेगळी वस्ती मुंबईत नाही. आहेत त्या विखुरलेल्या जागा. अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने 1994 साली स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टचे काम सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात महापालिकेच्या इमारतीतून अनेक वर्षे चालले. मरीन लाइन्सचे लिबर्टी चित्रपटगृह 'कशिश' महोत्सवामुळे त्यांचे झाले. ऑगस्ट क्रांती मैदानात मात्र तो मला मुद्दाम घेऊन गेला. 'चले जाव'चे हे मैदान आपणा सर्वांना मुखोद्गत आहे; परंतु 2008च्या ऑगस्टमध्ये समलिंगी आणि तृतीयपंथी नागरिकांचा मोर्चा येथूनच निघाला, हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा 1860च्या इंग्रजी दंडसंहितेचे कलम 377 त्यांच्या डोक्यावर टांगलेलेच होते. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांवरून ते उठविले 6 सप्टेंबर 2018 रोजी.

रविवारी लोअर परळ. ज्या गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, त्यांपैकी काहींच्या आवारांत आज चकचकीत उपाहारगृहे आहेत. तेथे दोन तरुण हातात हात घालून बसले तर कोणी हटकीत नाही, असे तो म्हणाला. मी दरपत्रक पाहिले आणि पाणी पिऊन उठलो. तो स्वतः राहतो नालासोपाऱ्यात, चौघांच्या खोलीत, आणि तेथे हे कोणालाही माहीत नाही. सोबत्याबरोबर घर घ्यावयाचे तर घरमालकाला मावसभाऊ म्हणून सांगावे लागेल. कारण अशा विवाहास मान्यता देण्याचे न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 रोजी नाकारले आहे. मोकळेपणा आहे, पण तो तासांच्या भाड्याने मिळतो.

हे शहरी लोकांचे चोचले आहेत, असे आपल्या अभ्यासवर्गांत ऐकू येते. मीही ते म्हटलेले आहे. वस्तुतः यल्लम्माचे जोगते आपल्या दारी येतात, आपण परडीत पीठ घालतो. त्यांतील एखाद्याने खोली भाड्याने मागितली तर आपल्यापैकी किती जण देतील? आणि हा प्रश्न आपल्या परंपरेबाहेरचा तरी कसा? र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्या'वर 1934 साली अश्लीलतेचा खटला चालला तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांवरून. त्यांत समलिंगी संबंधांविषयीचीही शंका होती. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरला, दंड झाला. तथापि बाबासाहेबांना तो विषय हलका वाटला नाही.

ब्रिटनमधील 1984-85च्या खाण कामगारांच्या संपात लंडनच्या समलिंगी कार्यकर्त्यांनी डबे फिरवून वेल्समधील संपकऱ्यांसाठी निधी जमविला. संप फसला. पण 1985 सालच्या त्यांच्या मोर्चात खाणमजूर आपले फलक घेऊन अग्रभागी चालले, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव खाण संघटनेच्या मतांच्या बळावर संमत झाला. आपल्या गिरणी संपात अशी गाठ पडली नाही. कोणी आले असते, तर आपण तो डबा घेतला असता काय, याची मला खात्री देता येत नाही.

निघताना मुलगा म्हणाला, "बाबांना तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होत नाही." सोमवारी सकाळी सांगोल्याच्या स्थानकावर सहकारी वाट पाहत उभे होते. त्यांनी पिशवी हातातून घेतली आणि विचारले, "झाला का तयार?" मी म्हणालो, तो तयार होणार नाही, आणि त्याला तयार करणे योग्यही नाही, ज्या मुलीशी ठरत आहे तिच्या घरी आजच निरोप पाठवा, तिचे आयुष्य यात नको. ते बराच वेळ बोलले नाहीत. आम्ही स्थानकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि मी पहिल्यापासून सांगू लागलो.