सियाचीनची पहिली आज्ञा : विश्रांती

सियाचीनला नेमणूक झालेला जवान तरुण आणि धडधाकट असतो. तरीही उंचावर पोहोचताच त्याला पहिला हुकूम मिळतो तो विश्रांतीचा. ९ ते १२ हजार फुटांसाठी सहा दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी चार, त्यापुढे पुन्हा चार. पहिले दोन दिवस तर थोडेसे चालण्यापलीकडे काहीच करायचे नाही. शरीर विरळ हवेला सरावेपर्यंत वर जाण्याची परवानगी नाही.

हा नियम जीव गमावून शिकलेला आहे. १९६२च्या युद्धात मैदानी भागातले जवान घाईने उंचावर न्यावे लागले आणि अनेक जण आजारी पडले. डॉ. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांची निरीक्षणे १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडली. १९८४ पासून सियाचीनवर आपली फौज आहे. तिथे शत्रूच्या गोळीपेक्षा हवामानानेच अधिक बळी घेतले.

१८ हजार फुटांवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो. बर्फ वितळवून पाणी करायचे, भूक नसताना जेवायचे, झोप अर्धवट, ओला मोजा लगेच बदलायचा. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकसतात, दाब वाढतो आणि फुप्फुसांत पाणी झिरपते. सुरुवात कोरड्या खोकल्याने होते. मग बसल्या जागी दम लागतो. खरा उपचार एकच, रुग्णाला खाली आणणे. पण हवामान बिघडले की हेलिकॉप्टर येत नाही. तोवर प्राणवायू, औषधे आणि हवा भरून दाब वाढवता येणारी, माणूस मावेल एवढी पिशवी यांवरच निभावावे लागते. म्हणून सोबत्याचा खोकला, अडखळती चाल किंवा बधिर झालेली बोटे वेळीच ओळखणे हीच तिथली पहिली तातडीची सेवा.

दर उन्हाळ्यात आमच्या ओपीडीत कुणीतरी म्हणते, “डॉक्टर, लेहला निघालोय. चार दिवसांची टूर आहे, गोळ्या लिहून द्या.” विमानाने थेट साडेअकरा हजार फुटांवर उतरायचे आणि दुसऱ्याच दिवशी साडेसतरा हजार फुटांवरच्या खार्दुंग ला खिंडीत फोटो काढायचे, असा बेत असतो. गोळीने त्रास कमी होतो, पण ती विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.

पर्यटन कंपन्यांनी लेहमधले पहिले दोन दिवस मोकळे ठेवणे बंधनकारक व्हायला हवे. प्रवाशांनीही डोकेदुखी, उलटी, धाप लपवू नये. ग्रुपचा बेत बिघडेल या संकोचापायी गप्प राहणे जिवावर बेतू शकते. त्रास वाढत असेल तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. कसलेल्या जवानाला जी सवलत मिळत नाही, ती पन्नाशीच्या पर्यटकाने स्वतःला देऊ नये.