पाण्यातल्या बागेचा खाऊ



काचेच्या टाकीत मासे पाळायचे, सोबत पाणवनस्पतीही लावायच्या, असा छंद आता बऱ्याच घरांत आहे. त्यातून मुलं विचारतात, "सर, कार्बन डायऑक्साइडचा कोणता संच घेऊ?" "संच लागतो का?" असं मात्र कुणी विचारत नाही. आपण आज तेच आधी पाहू.

झाडं उजेडात कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून अन्न तयार करतात, हे तुम्ही शिकलाच आहात. हवेत हा वायू असतो जेमतेम 0.04 टक्के. त्यात पाण्यामध्ये तो हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. म्हणजे पानाजवळचा वायू संपला, की नवा यायला वेळ लागतो. म्हणून पाण्यातली बाग कधी कधी उपाशी राहते.

पण सगळ्याच वनस्पती सारख्या नाहीत हं! आपला भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. आपल्या तलावांत, बोड्यांत हायड्रिला वाढते, रिबिनीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया वाढते. या दोघी हुशार आहेत. वायू कमी पडला, तर पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून त्या कार्बन मिळवतात. विहिरीच्या जड पाण्यात ते भरपूर असतं. त्यात माशांचा श्वासही आहेच. तेव्हा पहिली निवड हीच : तळाला माती आणि वाळू, या दोन वनस्पती, चार-पाच गप्पी, दिवसाला सहा ते आठ तास उजेड. संच काही नको. खर्च जवळजवळ शून्य!

लाल पानांच्या किंवा गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पती लावायच्या असतील, तर मात्र वायूचा विचार करा. त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला, साखर आणि यीस्ट. लहान टाकीसाठी नवशिक्याला हाच बरा. दोन लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत एक कप साखर, पाव चमचा यीस्ट आणि कोमट पाणी घाला. बाटली वरून चार बोटं रिकामी ठेवा. यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. झाकणातून नळी काढून ती आधी एका रिकाम्या छोट्या बाटलीत न्या, म्हणजे फेस तिथेच अडकेल. तिथून दुसरी नळी टाकीत सोडा. टाकीतलं पाणी उलटं येऊ नये म्हणून मध्ये एकदिशा व्हॉल्व्ह बसवा. हे मिश्रण साधारण दोन आठवडे चालतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याआधीच संपतं. काचेची बाटली वापरायची नाही आणि नळीचं तोंड कधीही बंद करायचं नाही, नाहीतर बाटली फुटेल.

गंमत म्हणजे ही युक्ती जुनी आहे. 1767 साली इंग्लंडमधल्या लीड्स गावी जोसेफ प्रिस्टली दारूच्या भट्टीशेजारी राहत होते. आंबणाऱ्या पिंपावर साचणारा हाच वायू त्यांनी पाण्यात मिसळला आणि सोडावॉटर तयार झालं!

दुसरा मार्ग, खाण्याचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड. याचा दाबमापक आणि कॉक असलेला तयार संच मिळतो. यात वायू कमी-जास्त करता येतो. पण बाटलीत बराच दाब असतो, म्हणून घरी जुगाड करू नका.

तिसरा, सिलिंडर. मोठ्या टाकीला तोच चांगला. टायमर लावला, की दिवा विझताच वायूही बंद होतो. पण पालकांनो, भरलेल्या सिलिंडरमधला दाब मोटारीच्या चाकातल्या हवेच्या पंचवीस-तीस पट असतो. रेग्युलेटर चांगला हवा, सिलिंडर उभा बांधून ठेवलेला हवा आणि उन्हात तर मुळीच नको. हे काम मोठ्यांचंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री झाडं अन्न बनवत नाहीत, उलट माशांसारखा ऑक्सिजनच घेतात. यीस्टला मात्र रात्र समजत नाही, ते वायू सोडतच राहतं. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला, की माशांच्या रक्तातला तो वायू कल्ल्यांतून बाहेर पडत नाही आणि मासे गुदमरतात. म्हणून संध्याकाळी दिवा बंद केला, की नळी पाण्याबाहेर काढायची आणि हवेचा पंप सुरू करायचा. सकाळी नळी परत आत.

वायूचं प्रमाण दाखवणारा 'ड्रॉप चेकर' दुकानात मिळतो. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे बेताचा, पिवळा म्हणजे जास्त. पण त्याचा रंग बदलायला तास-दोन तास लागतात. मासे त्याआधीच सांगतात! ते पृष्ठभागावर येऊन तोंड उघडमीट करू लागले, तर नळी लगेच काढा, पंप लावा आणि थोडं पाणी बदला. झाड चार दिवस उपाशी राहिलं तरी सावरतं, मासा एका रात्रीत जातो. वायू कमी की जास्त अशी शंका आली, तर कमीच ठेवा.

आणि हो, टाकीतली जास्तीची वनस्पती किंवा मासे तलावात टाकू नका. आपली हायड्रिलाच पाहा ना! 1950 च्या दशकात ती मत्स्यालयासाठी अमेरिकेत फ्लोरिडाला गेली, तिथल्या पाण्यात सुटली आणि तिने नद्या-तलाव भरून टाकले.

आता घरचा प्रयोग : दोन काचेच्या बरण्यांत हायड्रिलाच्या सारख्या लांबीच्या फांद्या लावा. एक बरणी खिडकीजवळ ठेवा, दुसरी अंधाऱ्या कोपऱ्यात. तीन आठवडे, दर रविवारी पट्टीने मोजा आणि वहीत लिहा. संच घ्यायचा की नाही, हे त्यानंतर ठरवा.